दुसऱ्या दुकानातलं औषध

६ फेब्रुवारी

औषध कंपन्या दरवर्षी डायऱ्या वाटतात. दुकानाच्या माळ्यावर त्यांचा ढीग पडलाय, उंदरांनासुद्धा आता कंटाळा आला असेल. त्यातली एक आज घरी आणली. प्रत्येक पानाच्या तळाला पित्ताच्या गोळीची जाहिरात आहे. चला, कुणाची तरी जळजळ थांबतेय म्हणायची.

लिहायला बसलो कारण बोलायला माणूस नाही. म्हणजे माणसं ढिगानं आहेत. घरात बायको, दुकानात धाकटा भाऊ, काउंटरसमोर सकाळपासून रांग. पण हे प्रकरण सांगायचं कुणाला? अवघड जागी दुखणं आणि जावई डॉक्टर म्हणतात, तशातली गत. आमच्याकडे दुखणंही माझं आणि जावईही मीच.

तर प्रकरण असं. गेला महिनाभर खाली, अगदी पुढच्या टोकाला, कातडी चिरते. लाल होते, खाज सुटते, वर पांढरट थर धरतो. काल लघवी करताना डोळ्यांत पाणी आलं. सेहेचाळीस वर्षांचा घोडा, अर्धं आयुष्य औषधं विकण्यात गेलं, आणि बाथरूममध्ये नळ सोडून उभा राहतो, कण्हलेलं बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून.

लग्नाला आठ महिने झाले. माझं पहिलं, तिचं दुसरं. ही मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये गाडी शिकवते. शिकाऊ माणूस स्टिअरिंगवर, ही शेजारी, हिच्या पायाखाली वेगळा ब्रेक. तो गाडी गटारात घालायला निघाला तरी हिचा आवाज चढत नाही. "घाबरू नका, मी आहे ना," म्हणते. पहिले सात महिने बरे गेले. बरे कसले, चांगलेच गेले, डायरीत खोटं कशाला लिहू?

दुकानातून ट्यूब आणून लावली. एकाच ट्यूबमध्ये तीन औषधं, म्हणून आम्ही तिला तिकडी म्हणतो. कसलीही खाज असो, तिघांतलं एक तरी लागू पडतंच. हिला सांगितलंय, पाठ धरलीय, काही दिवस खाली सतरंजीवर झोपतो.

११ फेब्रुवारी

तिकडी ती तिकडी! खाज गेली, लाली गेली. डॉक्टरकडे गेलो असतो तर त्याने आधी रक्त काढलं असतं, मग लघवी मागितली असती आणि शेवटी हीच ट्यूब लिहून दिली असती. गावातल्या सगळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आमच्याच काउंटरवर येतात, त्यांना काय येतं आणि काय नाही ते मला विचारा.

आज खाजकुमार आला होता. बँकेतला कारकून. आधी खोकल्याचं औषध मागतो, मग घसा खाकरतो, डावीउजवीकडे बघतो आणि हळूच म्हणतो, "ती नेहमीची ट्यूब पण द्या." मी मुद्दाम मोठ्याने विचारलं, "कुठली हो, खाजेची?" रांगेतल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. तो कानापर्यंत लाल.

सगळ्यांना नावं ठेवलीत मी. मूळव्याध मास्तर आहेत, जुलाबाचं औषध नेणाऱ्या मोकळ्याबाई आहेत. शटर ओढलं की दिवसभराची उजळणी करून हसायचं, ही आमची करमणूक. धाकटा मात्र हल्ली हसत नाही. पोक्त झालाय.

दुकानात उकडतं फार. घसा सारखा कोरडा. कोल्ड्रिंकवर कोल्ड्रिंक होतात आणि मग फेऱ्या. धाकट्याने एकदा विचारलं, "दादा, एवढं पाणीपाणी का होतंय तुला?" म्हटलं, "गिऱ्हाइकांशी बोलून बोलून. तू बोल थोडं, म्हणजे तुलाही होईल." काहीतरी सांगायला तोंड उघडलं होतं त्याने, तेवढ्यात रांग आली.

२७ फेब्रुवारी

आलं परत. दामदुपटीने.

आता नुसती चीर नाही. कातडी मागे सरकतच नाही. एका बाजूला तर आतल्या भागाला डकवल्यासारखी चिकटलीय. आंघोळीच्या वेळी दात आवळून जोर लावला. रक्त आलं. तिथेच खाली बसलो. मग उठून परत तिकडी लावली, जास्त लावली.

संध्याकाळी खुर्चीत बसलो होतो तर ही मागून आली आणि खांद्यावर हात ठेवला. एवढंच. मी असा दचकलो की तिच्या हातातलं भांडं पडलं. "पाठ," म्हणालो. ती आत गेली आणि गरम पाण्याची पिशवी भरून घेऊन आली. ती पिशवी माझ्या पाठीला लावली, आणि पाठीला काहीच झालेलं नाही! घामाघूम झालो, पण "बरं वाटतंय" म्हणावं लागलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार यालाच म्हणतात.

मला वाटतं, ती मुद्दाम करते. तिला संशय आला असणार.

१२ मार्च

मेहुणी आलीय चार दिवसांसाठी. हिची थोरली बहीण, हिची ताई. बाई म्हणजे चालतंबोलतं न्यायालय आहे, येताच सगळ्या घराची झडती. सतरंजी दिसली.

दुपारी जेवायला घरी आलो तेव्हा दोघी स्वयंपाकघरात होत्या. चप्पल काढता काढता कानावर पडलं. ताई म्हणाली, "हाही तसलाच निघाला की काय?" आणि ही म्हणाली, "नाही गं. खूप चांगले आहेत. माझंच काहीतरी असेल." मग नळ सुरू झाला, पुढचं ऐकू आलं नाही.

'तसलाच' म्हणजे कसला? तोंडावर गोड बोलायचं आणि पाठीमागे माझी मोजमापं काढायची. चांगले आहेत म्हणे! आपल्याकडे माणसात काही दम नसला की लोक त्याला चांगला म्हणतात.

हिचा पहिला नवरा होता, त्याने हिला दोन वर्षांत परत पाठवलं. लग्नाचं ठरत होतं तेव्हा एका हॉटेलात चहा पिताना हिने स्वतःहून सांगितलं होतं. "ते म्हणाले, मी लाकडासारखी आहे. तुम्हाला आधीच सांगितलेलं बरं." मी तेव्हा म्हणालो होतो, "लाकूड त्याच्या डोक्यात असेल." ती इतकी हसली होती की वेटर बघायला लागला. आता त्याच माणसाशी माझी तुलना चाललीय बहुतेक.

२० मार्च

काहीच लिहिण्यासारखं नाही. खाज आहे. दुखतंय. वजन कमी झालंय, पँट ढिली होते. चला, एक तरी फायदा.

२ एप्रिल

आज एकदाचा सोक्षमोक्ष लागला.

सुट्टीचा दिवस. सकाळी हिने चहा ठेवला आणि समोर येऊन बसली. नवी साडी नेसली होती, हिरवी. एरवी घरात ही गाऊनवर असते, म्हणून विचारलं, "कुठे निघालीस?" "कुठे नाही," म्हणाली. मग टेबलावर दोन्ही हात ठेवले, स्टिअरिंग धरल्यासारखे. "एक विचारू? खरं सांगाल?"



"माझ्यात काही कमी आहे का?"

"कमी कसली? काहीतरीच काय!"

"तुम्ही माझ्याजवळ येत नाही. हात लावला तर दचकता. पाठ दुखतेय म्हणता, पण दुकानात खोके उचलता, मी पाहिलंय. राग नाही माझा. फक्त काय ते सांगा. मी ऐकून घेईन."

आता काय सांगणार होतो मी? समोर बसून बाईमाणसाला सांगायचं, बाई गं, माझी कातडी चिकटलीय? ती ताईला सांगणार. ताई गावभर. उद्या माझ्याच काउंटरवर लोक मला बघून तोंडाला पदर लावणार. मला माहीत नाही का लोक कसे हसतात?

माणसाला कोपऱ्यात गाठलं की तो काहीही बोलतो. मी म्हणालो, "हे बघ, या वयात हे सगळं शोभत नाही. तू काही आता नवी नवरी नाहीस. मला नाही आतून वाटत, त्याला मी काय करू?"

 तिने माझा रिकामा कप उचलला, विसळला, पालथा घातला. "बरं झालं सांगितलंत," म्हणाली. आवाज नेहमीसारखाच होता.

जरा लागलं असेल. पण बाई समजूतदार आहे, आणि रोजची टांगती तलवार गेली हे महत्त्वाचं. दुपारी मस्त झोप लागली.

९ एप्रिल

हिने आपलं अंथरूण बाहेरच्या खोलीत नेलं.  घरात शांतता आहे. स्कूलमध्ये तिने संध्याकाळची बॅचही घेतलीय. ती हिरवी साडी दोरीवर वाळत होती, दुसऱ्या दिवशी मोलकरणीला देऊन टाकली. एवढी नवी साडी! पण मी विचारलं नाही, उगाच विषय निघायचा.

पाठ कशी आहे, हे तिने पुन्हा एकदाही विचारलं नाही. नुसतं औपचारिकता म्हणून तरी विचारावं माणसाने.

२४ एप्रिल

आज डोकं सटकलं.

बँकेच्या कामाला पलीकडच्या पेठेत गेलो होतो. तर समोर कोण? माझी बायको. त्या दुसऱ्या औषधाच्या दुकानातून बाहेर येत होती! आमचा प्रतिस्पर्धी, ज्याची पाटी बघितली तरी मला ॲसिडिटी होते, त्याची पिशवी हिच्या हातात.

घरी आल्यावर झाडलं. "घरचं दुकान असताना त्याच्याकडे जातेस? लोक काय म्हणतील? दुकानदाराच्या बायकोचाच दुकानावर विश्वास नाही?"

"कापूस हवा होता," म्हणाली.

"कापूस आमच्याकडे नाही? पोत्याने आहे!"

"चुकलं. पुन्हा नाही जाणार."

एवढ्यावर मिटलं. पण धंद्याची अब्रू बाईमाणसाला कळत नाही, हे पटलं. चेहराही उतरलाय हिचा हल्ली. संध्याकाळची बॅच झेपत नसणार. सांगायला गेलं तर म्हणेल, तुम्हाला काय त्याचं.

५ मे

चार दिवस डायरी उघडायची ताकद नव्हती.

सोमवारी सकाळपासून तिथे सूज. लघवीची धार दोऱ्यासारखी. आधी कातडी फुग्यासारखी फुगायची, मग थेंब थेंब. दुपारी अंगात ताप भरला. काउंटरवर उभा होतो, एका बाईला शुगरच्या गोळ्या देत होतो, रोज जेवणाआधी, वेळ चुकवू नका वगैरे पोपटपंची चालू होती, आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. धाकट्याने धरलं नसतं तर कपाटावरच आपटलो असतो.

"डॉक्टरांना बोलावतो," तो म्हणाला. मी त्याचा हातच धरला. इथला डॉक्टर नको. इथल्या डॉक्टरची चिठ्ठी इथेच येणार, याच काउंटरवर. मी घरी जातो म्हणालो आणि सरळ बस धरली. दोन गावं पलीकडे उतरलो. स्टँडवर विचारत विचारत गेलो तर लघवीच्या विकारांचे डॉक्टर म्हणून एक बाई निघाल्या.

बाई! माझं नशीब बघा. उलट्या पावली निघालो होतो, पण पाय लटपटत होते. परत बसलो.

डॉक्टरीणबाई माझ्या निम्म्या वयाच्या वाटल्या. "काय होतंय?" विचारलं. मी म्हणालो, "खाली जरा त्रास आहे." "खाली म्हणजे? गुडघ्याला?"  त्यांनी पडदा ओढला, तपासलं आणि सरळ म्हणाल्या, "शिश्नाची पुढची कातडी टोकाला चिकटलीय. आत पू झालाय. किती दिवस अंगावर काढलंत?"

तो शब्द इतक्या सहज उच्चारला की मी वर छताकडे बघितलं. छत जागेवर होतं.

मग काय काय लावलं ते विचारलं. मी तिकडीचं नाव सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "कुणी दिली?" मी म्हणालो, मीच. माझं औषधांचं दुकान आहे. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "त्यात स्टेरॉइड असतं, हे तुम्हाला मी सांगायचं? खाज दाबली, बुरशी आत वाढत राहिली, कातडी पातळ होऊन फाटत गेली आणि प्रत्येक फाटलेली जागा भरताना चिकटत गेली. वर तुम्ही ओढत होतात ना? तेही."

बोटातून रक्त काढून यंत्रावर धरलं. आकडा माझ्याकडे वळवला. हे यंत्र मी विकतो. हा आकडा बघून मी लोकांना दटावतो.

"वडिलांना शुगर होती?"

"नाही. म्हणजे त्यांनी कधी तपासली नाही. शेवटी त्यांचा पाय कापावा लागला, पण ते काट्याच्या जखमेचं निमित्त झालं."

 आपण काय बोललो ते माझं मलाच ऐकू आलं. दिव्याखाली अंधार म्हणतात, इथे तर दिव्याचंच दुकान होतं.

औषधं दिलीत. आधी पू आणि शुगर आटोक्यात, मग छोटी शस्त्रक्रिया. चिकटलेलं सोडवायचं आणि पुढची कातडी काढून टाकायची. सुंताच म्हणा. "वेळेवर आला असता तर शुगरच्या गोळ्या आणि साध्या मलमावर भागलं असतं," म्हणाल्या. घरी हिला सांगितलं, उष्णतेचा ताप आहे. तिने मऊ भात शिजवून दिला आणि बाहेर जाऊन बसली.

२९ मे

शस्त्रक्रिया झाली. अर्ध्या तासाचं काम. ज्याच्यासाठी मी अख्खा उन्हाळा कुढत काढला, ते अर्ध्या तासाचं काम.

सोबत कुणीतरी हवं, सहीसाठी, ही दवाखान्याची अट. बायकोला कसं आणणार? शेवटी धाकट्याला बसमध्ये घातलं आणि वाटेत सगळं सांगितलं. खिडकीकडे तोंड करून सांगितलं. आता हा हसणार, म्हणून वाट बघत होतो.

तो हसला नाही. म्हणाला, "मला पाच वर्षांपूर्वी झालं होतं. हेच."

"काय?"

"हेच सगळं. शुगर पण आहे मला. गोळ्या चालू आहेत तेव्हापासून."

 एका काउंटरवर उभे राहतो आम्ही, खांद्याला खांदा लावून. "आपल्या दुकानातून तर कधी..."

"आपल्या दुकानातून कशाला घेईन? तालुक्याहून आणतो. वडिलांचं पण शुगरमुळेच झालं असणार, मला तेव्हाच डॉक्टर म्हणाले, घरातल्या सगळ्यांची तपासून घ्या. तुला सांगणार होतो दादा, दोनतीनदा तोंडापर्यंत आलं होतं."

"मग सांगितलं का नाहीस रे गाढवा?"

"तू मला काय नाव ठेवलं असतंस, तेच मनात यायचं."

एवढं म्हणून तो तिकीट हातात चुरगळत बसला. मला त्याला चार शिव्या द्यायच्या होत्या, एकही सुचली नाही. ऑपरेशनच्या वेळी बाहेर बसून होता, येताना बसमध्ये मला खिडकीची जागा दिली, खड्डा आला की ड्रायव्हरवर ओरडायचा, "हळू हो, पेशंट आहे!" सगळी बस वळून बघायची.

घरी सांगितलं, औषध विक्रेत्यांचं अधिवेशन होतं आणि तिथे जिन्यात पडलो. पाय फाकवून चालतोय त्याला काहीतरी कारण हवं ना. तिने "बरं" म्हटलं.

८ जून

धाकटा पिच्छाच पुरवतोय. "वहिनींना सांग. माझ्या बायकोला मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तिने धरून नेलं मला दवाखान्यात. सांग दादा, त्यांच्याकडे बघवत नाही."

त्याचं खरं आहे. आणि आता सांगायला हरकत काय? आता दुखणं गेलंय. मेलेल्या सापाची भीती कसली. टाके विरघळतायत, शुगर उतरलीय, कोल्ड्रिंक सोडलं. सांगितलं की तिचाही जीव भांड्यात पडेल, दोघं हसू, पुन्हा पहिल्यासारखं होईल. उद्याच सांगतो.

९ जून

सांगितलं.

घरी जमेना, म्हणून दुपारी तिच्या स्कूलच्या मैदानावर गेलो. ही एकटीच होती. शिकाऊ लोकांसाठी मांडलेले प्लॅस्टिकचे शंकू गोळा करत होती. मला बघून घाबरली. "दुकानात काही झालं का?"

"नाही. जरा थांब."

गाडीच्या सावलीत उभं राहून सगळं सांगितलं. कातडी, ट्यूब, शुगर, ऑपरेशन, सगळं. तो शब्दसुद्धा उच्चारला. मध्ये एकदोन विनोदही केले. ती हसली नाही. शंकू छातीशी धरून ऐकत होती.

"कधीपासून होतं हे?"

"जानेवारीपासून."

"म्हणजे मी विचारलं तेव्हा होतं."

"होतं ना. तेव्हाच तर चिकटलेली होती."

"आणि तू मला म्हणालास, तू नवी नवरी नाहीस."

लग्नानंतर पहिल्यांदा ती मला तू म्हणाली. "अगं, लाज वाटली मला," मी म्हणालो. "काय बोलावं सुचलं नाही. मनात तसं काही नव्हतं."

"लाज तुला वाटली. ठेवलीस माझ्या अंगावर." आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "मी त्याच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे गेले. म्हटलं, आमच्यात काही होत नाही, माझ्यात दोष आहे, तपासा. त्यांनी सगळं तपासलं. मग दुसरीकडे गेले. कुणी हार्मोनच्या गोळ्या दिल्या, कुणी मन शांत राहायच्या. तुझ्या दुकानातून आणता येत नव्हत्या ना, म्हणून पलीकडच्या पेठेतून आणत होते. तिथला माणूस गोळ्यांची नावं मोठ्याने वाचायचा. त्या गोळ्यांनी हात थरथरायचे. गेल्या महिन्यात शेजारी बसलेल्या शिकाऊ पोरीने गाडी भिंतीवर नेली आणि माझा पाय वेळेवर पडला नाही. कुणाला लागलं नाही, पण मालकांनी संध्याकाळची बॅच काढून घेतली. आजार तुझा होता आणि औषध मी घेत होते."

मला हे काहीच माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं. ती रोज संध्याकाळी कुठे जाते, हेही मी विचारलं नव्हतं.

"माझ्या ध्यानातच नाही आलं गं," मी म्हणालो. "पण आता संपलं ना सगळं? थोडे दिवस थांब, टाके भरले की..."

"तो पहिला म्हणाला होता, लाकूड. तो खोटं बोलला असं तू मला हॉटेलात बसून सांगितलंस, म्हणून मी तुझ्याशी लग्न केलं. नाहीतर माझं चाललं होतं की बरं." तिने शंकू डिकीत ठेवले, एकात एक नीट बसवले. "आणि मग तूही तेच म्हणालास. त्याला तरी ते खरं वाटत होतं. तुला खोटं आहे हे माहीत होतं."

तेवढ्यात पुढची शिकाऊ बाई आली. ही तिला म्हणाली, "बसा, आरसा लावून घ्या." मी बाजूला झालो. गाडी आचके देत मैदानावरून गेली.

१३ जून

ताईकडे गेली. बॅग भरताना मी दारात उभा होतो. म्हटलं, आठ दिवस राहून ये, बरं वाटेल. म्हणाली, "तिथल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जागा आहे. बोलणं झालंय माझं." माझ्या गोळ्या जेवणाच्या टेबलावर काढून ठेवल्या, सकाळच्या वेगळ्या, रात्रीच्या वेगळ्या, आणि गेली.

धाकट्याला म्हणालो, एवढ्याशा कातडीवरून कुणी संसार मोडतं का? त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी गिऱ्हाइकांकडे बघतो. "कातडीवरून नाही दादा," म्हणाला आणि शटर उघडायला गेला.

मग कशावरून? आजार होता, तो मी काय हौसेनं केला? चूक झाली, मान्य. कबूल केली. आणखी काय करायचं असतं?

२६ जून

दोनदा फोन केला. ताईने उचलला. "ती कामावर आहे," दोन्ही वेळा. आवाज न्यायाधीशाचा.

घर खायला उठतं. मीठ कुठल्या डब्यात असतं ते मला माहीत नाही. काल बाहेरच्या खोलीत झाडताना कपाटाखाली एक गोळी सापडली. गोळी ओळखणं हा माझा धंदा आहे. ओळखली. ही घेणाऱ्याला गाडी चालवू नका म्हणून आम्ही बजावून सांगतो. खाली बसलो आणि रडलो. सूज होती तेव्हा रडलो नव्हतो एवढं रडलो. तिला त्या हिरव्या साडीत बघून मी कुठे निघालीस म्हणून विचारलं होतं. कुठे म्हणून निघणार होती ती?

आज खाजकुमार आला. खोकल्याचं औषध मागितलं, घसा खाकरला. मी हळू आवाजात म्हणालो, "साहेब, ती ट्यूब बंद करा. आधी शुगर तपासा." तो पांढराफटक पडला. "तुम्ही सगळ्यांसमोर कशाला..." म्हणाला आणि औषध न घेताच गेला. रांगेत कुणी नव्हतंसुद्धा. आता तोही दुसऱ्या दुकानात जाणार.

११ जुलै

शेवटची तपासणी. एकटाच गेलो होतो. डॉक्टरीणबाईंनी बघितलं, खूश झाल्या. "छान भरलंय. कुठेही चिकटलेलं नाही. शुगरही उत्तम ठेवलीत."

मी उठून पँट सारखी केली. त्या हात धुता धुता म्हणाल्या, "आता काही बंधन नाही. नवरा-बायको अगदी पहिल्यासारखे राहू शकता."

"बरं," मी म्हणालो.

"त्यांनाही आणायचं होतंत बरोबर. बायकांच्या मनात याबद्दल बऱ्याच शंका असतात, बोलत नाहीत बिचाऱ्या."

"तिच्या मनात आता काही शंका नाही," मी म्हणालो.

"वा! समजूतदार आहेत," त्या म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवली.